उतार पडला

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वारा घेऊन जाईल, आणि ही अर्धी ऐकण्यासारखी नाही. या घरातले जन्म तुम्ही ऐकलेत, लग्नं ऐकलीत, दोघा भावांनी एका दोरासाठी वर्षभर धरलेला अबोलाही ऐकलात. आज एकाच दिवसाचं सांगतो. सकाळी नऊला सुरू झालं आणि दुपारी चारनंतर दहा मिनिटांनी संपलं. सगळं झालं ते एका शब्दापायी. शब्द तसा वाईट नव्हता हो. आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर येऊन माणूस जो शब्द बोलतो आणि घरातल्या सगळ्यांचे खांदे सैल पडतात, तोच तो.

नदी दोन डोंगरांच्या मधून अंग चोरून निघते, तिथे काठावर मापघर. पायऱ्यांच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब पाण्यात उभा. दिवसातून तीनदा त्यावरचा आकडा वाचायचा, नोंदवहीत लिहायचा, खालच्या धरणाच्या कचेरीला कळवायचा. आबांच्या वडिलांनी हे काम केलं, मग आबांनी, आता दादा करतो. दोन वर्षांपूर्वी खोऱ्यात लष्कर आलं. वर डोंगरात बंडखोर, खाली नदीकाठचा एकुलता एक रस्ता, आणि सरहद्दीवरच्या ठाण्यांचं सगळं खाणंपिणं, दारूगोळा त्याच रस्त्यानं. रस्ता ज्याचा त्याचं खोरं, म्हणून मोहिमेमागून मोहीम. घरातल्यांना त्यातलं एवढंच कळायचं की पूल कधी बंद होईल याचा नेम नाही, आणि फोनवर बोलताना मध्येच कुणीतरी तिसरा माणूस खोकतो.

त्या दिवशी वहिनी, म्हणजे दादाची बायको, आबांसाठी दूध तापवत होती. ताई आत आली ती चपला न काढताच. या घरची लेक, पलीकडच्या काठावर दिलेली. ओल्या चपलांचे ठसे दारापासून ओट्यापर्यंत उमटले.

"वहिनी, त्यांना धरलं."

वहिनीनं आधी गॅस बंद केला. "कुणाला? पंपवाल्यांना?"

ताईचा नवरा पंप दुरुस्त करायचा. सासरी, माहेरी, बाजारात, सगळीकडे त्याला पंपवाले म्हणूनच ओळखायचे. ताईसुद्धा चिडली की "अहो पंपवाले" म्हणायची.

"काल संध्याकाळी. गुडघाभर पाण्यात होते म्हणे. पिशवी डोक्यावर. दोन्ही काठांवर शिपाई दबा धरून बसलेले. खिडकीतून पाच मिनिटं बोलू दिलं मला, तेवढंच. चारच्या ट्रकनं खाली पाठवणार आहेत."

खाली. नदीच्या खालच्या अंगाला कुठेतरी छावणी होती, ती कुणी पाहिली नव्हती. दोन वर्षांत तिकडे गेलेला एकही माणूस परत आला नव्हता. मेला असंही कुणी म्हणायचं नाही. नुसतं विचारलं तर सांगायचे, खाली गेलाय.

दादा नोंदवही काखेत धरून आत आला होता. "पिशवीत काय होतं?"

"काय असणार, दादा? पाने, वायर, एक पितळी नळी. दवाखान्याचा पंप उरकून परस्पर निघाले."

"वायर आणि नळी!" दादा खुर्चीत बसला. "आणि यांना नदीतूनच यायचं सुचलं?"

"पूल चार दिवस बंद आहे. मी आत्ता येताना दोन तास हात जोडून उभी होते, तेव्हा सोडलं. आणि वहिनीनंच नाही का फोन केला? उतार पडलाय, आता यायला हरकत नाही."

"वन्सं!" वहिनीचा हात पदराकडे गेला. "अहो, मी आबांच्या तापाचं बोलत होते!"

आता बघा. मापघराच्या खाली नदी पसरट होते. पाणी खालच्या चौथ्या पट्टीवर आलं की तिथून पायी पलीकडे जाता येतं. त्या जागेला म्हणायचं उतार, आणि पाणी तेवढं ओसरलं की म्हणायचं, उतार पडला. अकरा दिवस आबांना ताप होता, लागण नको म्हणून बाहेरच्या कुणाला येऊ देत नव्हते. परवा दुपारी कपाळाला घाम फुटला, अंग निवलं, आणि वहिनीनं धावत जाऊन नणंदेला फोन केला. तापाला उतार पडला. आपण सगळेच म्हणतो की असं.

"मला कळलं हो तापाचं," ताई म्हणाली. "मी रडलेसुद्धा फोन ठेवून. पण हे दोन दिवस दवाखान्यातच मुक्कामाला. मी निरोप धाडला, उतार पडलाय, वहिनींनी बोलावलंय. यांनी नदीचा घेतला. घेणारच. जन्म पाण्यात गेलाय यांचा. आणि शिपायांनी विचारलं, कसला उतार, तर छाती काढून सांगितलं, नदीचा."

"खरं तेच बोलले बिचारे."

"खरं बोलायची हीच वेळ सापडली का?" ताईचा आवाज चढला, मग तिनंच तो आवरला. आतल्या खोलीत आबा होते. "आणि वहिनी, एकच प्रश्न परत परत विचारतायत त्यांना. तिसरा कोण? तिसरा कोण? ते म्हणतात, मला दुसराही माहीत नाही."

वहिनी ओट्याला टेकली. सवयीचा विनोद होता तो तिचा. फोनवर कुणीतरी ऐकतं हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक. म्हणून प्रत्येक वेळी फोन ठेवताना ती म्हणायची, "बरं, ठेवते. आणि आपल्या तिसऱ्यांना नमस्कार सांगा." पोरं हसायची. एकदा पलीकडून खरंच कुणीतरी हसलं होतं.

"तुला ना, तोंडाला फाटकच नाही," दादा म्हणाला. "हजारदा सांगितलं, फोनवर कामापुरतं बोल."

"कामापुरतंच बोलले. तुमच्या वडिलांचा ताप उतरला हे काम नव्हतं का?"

"दादा, तिला कशाला बोलतोस?" वहिनीच्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण नणंदेनं भावजयीची बाजू घेण्याचा हा पहिलाच प्रसंग. दादानं चमकून पाहिलं. "धाकटा कुठाय? त्याला सांग ना साहेबाशी बोलायला. त्यांचा दुभाषा आहे ना तो?"

"आता बरा आठवला. वर्षभर त्याचं तोंड बघत नव्हतीस. लष्कराचं मीठ खातो म्हणत होतीस."

"आज बघीन. पायाही पडेन हवं तर."

धाकटा, म्हणजे दादा-ताईचा लहान भाऊ, दहाच्या सुमारास आला. सायकल भिंतीला टेकली, दंडावरची दुभाष्याची निळी पट्टी सारखी केली, आणि उंबऱ्याशीच थांबला. ताईनं धावत जाऊन त्याचे दोन्ही हात धरले. वर्षानंतर. तो तिच्या हातांकडे बघत राहिला.

"तू सांगशील ना साहेबांना? तुझा शब्द मानतात ते."

"बघतो, ताई."

"बघतो काय? चारला ट्रक आहे!"

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी... तोंड धुऊन येतो."

वहिनीच्या लक्षात आलं ते एवढंच: घरात पाऊल टाकल्यापासून यानं काय झालं म्हणून विचारलं नाही.

ती त्याच्या मागोमाग खांबाच्या पायऱ्या उतरली. तो शेवटच्या पायरीवर बसला होता, पाय पाण्यात, बुटांसकट. सासूबाई गेल्या तेव्हा हा सहा वर्षांचा. वहिनी तेव्हा नवी नवरी. याची वेणीफणी नसली तरी नखं, दात, परीक्षा, पहिली दाढी कापून घेतली तेव्हाचा कापूस, सगळं तिनंच केलेलं. एरवी ती त्याला धाकट्या म्हणायची. रागावली की मात्र भावजी.

"भावजी, शिपायांना उताराचा कागद कुणी लिहून दिला?"

त्यानं पायरीवरचा खडा उचलून पाण्यात टाकला.

"फोनवरचं आमचं बोलणं त्यांच्या भाषेत कुणी घातलं? तुमच्या कचेरीत दुभाषे किती?"

"तीन होते. एक पळून गेला, एक आजारी आहे."

"म्हणजे तुम्ही."

"वहिनी, मला आवाज ऐकू येत नाही तिथे. ऐकणारे वेगळे असतात. कानाला लागेल तसं लिहितात आणि चिठ्ठ्या माझ्यापुढे येतात. वेळ आणि एक वाक्य. नाव नाही, गाव नाही. दिवसाला सत्तर, कधी शंभर. तुझी चिठ्ठी आली तेव्हा मी सकाळपासून एकोणनव्वद केल्या होत्या. उतार पडलाय, आता यायला हरकत नाही. मी लिहिलं, नदी पायी ओलांडण्याजोगी झाली आहे, या." त्यानं पाण्यातला पाय हलवला. "दोन वर्षं त्या खोलीत दुसरं काही ऐकलंच नाही गं. नदी, पूल, घाट, वाट. उतार म्हणजे ताप उतरणं असतं हे मला आठवलंच नाही. अकरा दिवस मी स्वतः आबांच्या कपाळावर घड्या ठेवतोय आणि मला आठवलं नाही."

वहिनी दोन पायऱ्या वर बसली.

"कागदावर एक चौकट असते," तो म्हणाला. "दुसरा अर्थ, असल्यास. आधी भरायचो. मग भरून कुणी वाचत नाही असं वाटायला लागलं. आता नुसती रेघ मारतो. तुझ्याही कागदावर रेघच आहे. नमस्काराचं वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर होतं, वेळ तीच, ती आज पहाटे आली. तिसऱ्यांना नमस्कार. ते वाचलं आणि कळलं, चिठ्ठी कुणाची."

"मग तिथल्या तिथे सांगायचं साहेबांना. चुकलं म्हणून. माणूस चुकतो."

"तेवढंच नाही." त्यानं घसा खाकरला. "उतारावर माणसं बसवायची म्हणून काल रस्त्यावरच्या मोरीवरच्या, त्या ओढ्यावरच्या छोट्या पुलावरच्या, पहाऱ्यातले आठ जण हलवले. मोरीवर दोघेच उरले. संध्याकाळी बंडखोर मोरीवर आले. दोघेही मेले. त्यातला एक माझ्याकडून अक्षरं शिकत होता, वहिनी. आपल्या भाषेतली. क, ख, ग पर्यंत झालं होतं."

नदीवर काहीच हलत नव्हतं. वहिनीनं हात पुढे करून त्याच्या शर्टाची उलटी झालेली कॉलर सरळ केली. हाताला सवय, दुसरं काय.

"सांगितलंस तर काय होईल?"

"मोरीबद्दल कुणाला तरी जबाब द्यावाच लागेल ना. साहेबाला वरून विचारतायत."

"आणि नाही सांगितलंस तर पंपवाले जातील."

"हो."

तिला म्हणायचं होतं, सांग. आणि तितक्याच जोरानं म्हणायचं होतं, नको सांगू. नणंदेचा नवरा आणि पोटच्यासारखा दीर. देवा, ती मनात म्हणाली, मला यात कशाला घातलंस? मी नुसतं ताप उतरल्याचं कळवलं होतं.

"आधी वही घेऊन जाऊ," ती उठत म्हणाली. "तापाच्या नोंदी आहेत वहीत. कदाचित तेवढ्यानं भागेल."

या घरात मोजायचं म्हटलं की एकच वही. आबा तापले त्या दिवसापासून दादानं पाण्याच्या आकड्यांशेजारी, समासात, तापाचे आकडे लिहिले होते. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ताईच्या जन्माच्या वेळचं वजनही जुन्या एका वहीत असंच समासात सापडतं, पाणी पाच मीटर वीस, मुलगी पावणेतीन किलो.

आबांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण भिंती पातळ असतात आणि तापातून उठलेल्याचे कान तिखट. चौघं निघायला लागली तशी आतून हाक आली.

"मला बसवा रे कुणीतरी."

दादानं त्यांना उशीला टेकवून बसवलं. अकरा दिवसांत म्हाताऱ्याचा कुडता दोन मापांनी मोठा झाल्यासारखा दिसत होता.

"ताप कुणाला आला होता?"

"तुम्हाला, आबा."

"मग साक्षीला कोण हवं? मला उचला आणि घेऊन चला. साहेबाला म्हणावं, लाव हात."

"आता हात लावून काय कळणार, आबा? ताप उतरलाय."

आबांनी स्वतःच कपाळाला हात लावून पाहिला. "हेही खरंच," ते म्हणाले. "आजारी असतो तर उपयोग होता." मग धाकट्याकडे वळले. "तू बोलणार ना तिकडे?"

"हो, आबा."

"नीट बोल. घाई करू नकोस. लहानपणापासून तुला वाक्य संपवायची घाई."

धाकट्यानं वाकून नमस्कार केला. रोज कामावर जाताना तो असा नमस्कार करत नसे. आबांनी ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यावरचा हात, सोडायला हवा त्याहून जरा जास्त वेळ, तसाच ठेवला.

लष्करानं फळांच्या वखारीत ठाणं मांडलं होतं. दुपारभर फाटकाशी ताटकळल्यावर तीनला त्यांना आत सोडलं. अजूनही आत शिरलं की कुजक्या सफरचंदांचा गोड वास यायचा. मेजरसाहेबांचं टेबल म्हणजे पूर्वी फळं निवडायचा लाकडी पाट. त्यावर नकाशा, गार झालेला चहा, आणि दोन कागदी पाकिटं, एकेका पाकिटावर एकेक मनगटी घड्याळ. वहिनीला आधी कळलं नाही. मोरीवरच्या दोघांची ती घड्याळं हे कळलं तेव्हा तिनं नजर दुसरीकडे वळवली.

साहेब पन्नाशीचे. डोळे इतके तांबडे की त्यांच्याकडे बघून आपलेच डोळे चुरचुरावेत. आपल्या भाषेतले त्यांना पाच-सहा शब्द येत. त्यांतला एक त्यांनी वापरला. "बसा."

वहिनी बोलली. धाकटा वाक्यावाक्याला थांबून त्यांच्या भाषेत सांगत गेला. फोन मी केला. सासऱ्यांना ताप होता. उतार म्हणजे ताप कमी होणं. हे आमचे जावई, बंडखोरांशी त्यांचा काडीचा संबंध नाही, यांना पंपाशिवाय काही सुचत नाही. ताईनं मध्येच घातलं, "सांग, लग्नातसुद्धा हात काळे होते म्हणावं." धाकट्यानं तेही सांगितलं. साहेबांचा ओठ किंचित हलला.

मग दादानं वही पुढे केली. अकरा दिवसांची पानं उलटून परवाच्या दुपारवर बोट ठेवलं. त्याच्याच ठसठशीत अक्षरात समासात लिहिलं होतं, उतार पडला.

"बघा साहेब. तारीख, वेळ, सगळं."

साहेबांनी वहीचं मुखपृष्ठ उलटून पाहिलं. मग पान. मग समासाच्या शेजारचा रकाना. काही तरी विचारलं.

"काय म्हणतात?" दादा.

"विचारतायत, ही वही कसली."

"पाण्याची."

धाकट्यानं ते सांगितलं. सांगतानाच दादाचा चेहरा पडला. पाण्याच्या वहीत, परवाच्या तारखेला, उतार पडला. आणि शेजारच्या रकान्यात पाणी बरोबर खालच्या चौथ्या पट्टीवर. परवा नदीलाही खरोखरच उतार पडला होता.

"अरे, पण ते समासात आहे!" दादा उठून उभा राहिला. "समास तापाचा! आमच्या घरात समास म्हणजे..." त्याला पुढे काय सांगावं कळेना. आपलं घर समासात काय काय लिहितं हे परमुलखातल्या माणसाला, दुभाष्यामार्फत, पंधरा मिनिटांत कसं सांगायचं? शिपायानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तसा तो बसला.

साहेबांनी वही मिटून दादाच्या हातात दिली. आदरानंच दिली. घड्याळात पाहिलं. सव्वातीन. दारातल्या शिपायाला त्यांनी खूण केली, आणि बाहेर ट्रकचं मागलं दार उघडल्याचा आवाज आला.

हे सगळं ताई बघत होती, पण तिची नजर भावावर होती. तो भिंतीशी उभा होता, हात मागे. आता याचं काम संपलं, ती मनात म्हणाली, हा आता जाऊन यांच्याच पुढच्या कामाला लागेल. वर्षभराचा सगळा राग पुन्हा वर आला. तेवढ्यात वहिनीनं वळून धाकट्याकडे पाहिलं. ताईनं ते पाहणं पाहिलं आणि तिला कळलं की या दोघांत काहीतरी आहे जे आपल्याला ठाऊक नाही.

धाकटा भिंतीपासून पुढे आला आणि बोलायला लागला.

भावाला त्या भाषेत सलग बोलताना ताई पहिल्यांदा ऐकत होती. आवाज जाड होता, वाक्यं लांब. घाई नव्हती. एकदा त्यानं टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी गठ्ठा ओढला, एक कागद काढला, त्यावरची एक चौकट नखानं दाबून धरली आणि काही विचारलं. धाकट्यानं मान हलवली. मग त्यानं घड्याळांच्या पाकिटांकडे पाहिलं आणि एक वाक्य बोलला. त्या वाक्यावर दारातला शिपाई, ज्याला ती भाषा कळत होती, एकदम सरळ उभा राहिला.

"काय सांगतोय हा?" दादा कुजबुजला. "अगं, काय चाललंय?"

वहिनीचे डोळे मिटलेले होते.

साहेब बराच वेळ कागद बघत बसले. मग त्यांना येणाऱ्या आपल्या भाषेतल्या पाच-सहा शब्दांपैकी दोन हळू विचारले. "तिसरा कोण?"

"मी," धाकटा म्हणाला. तेही आपल्याच भाषेत. मग पुन्हा त्यांच्या भाषेत त्यानं काहीतरी समजावलं, बहुधा वहिनीचा विनोद. तो विनोद तिकडे पोचला की नाही कुणास ठाऊक. कुणी हसलं नाही.

साहेब उठून खिडकीशी गेले. पाठमोरे उभे राहिले. मला वाटतं, त्या क्षणी ते रागावले असते तर बरं झालं असतं, त्यांनाही आणि या लोकांनाही. पण राग यायलाही अंगात बळ लागतं, आणि दोन रात्री न झोपलेल्या त्या माणसात तेवढं उरलं नव्हतं. वळून त्यांनी दोनच वाक्यं सांगितली. पहिल्या वाक्याला एक शिपाई कोठडीकडे गेला. दुसऱ्याला धाकट्यानं दंडावरची निळी पट्टी काढली, घडी केली आणि पाटावर ठेवली.

पंपवाल्यांना आणलं तेव्हा ते आधी पिशवीच मागत होते. "माझा बाराचा पाना," ते शिपायाला म्हणत होते, "तो बाजारात मिळत नाही हो आता." ताईनं त्यांना दंडाला धरून गप्प केलं. मग तिला कळलं. कुणी सांगितलं नाही, धाकट्याच्या मोकळ्या बाहीकडे बघून कळलं. ती त्याच्याकडे निघाली, पण मध्ये शिपाई आला.

"वेड्या, काय केलंस?" ती शिपायाच्या खांद्यावरून म्हणाली.

"ताई, पुलावरून जा. पास करून ठेवलाय, चौकीत माग. नदीतून नको." मग वहिनीला म्हणाला, "ते आता नवा माणूस बसवतील. तो लांबचा असेल, आपली भाषा पुस्तकातून शिकलेला. फोनवर सावकाश बोलत जा. सोपं बोल."

"धाकट्या," वहिनी म्हणाली. एवढंच.

दादानं वही खाली ठेवली आणि पहिल्यांदाच, सगळ्यांदेखत, भावाला मिठी मारली. मारता येत नव्हती त्याला नीट. धाकट्याचं डोकं त्याच्या हनुवटीला आपटलं.

चारचा ट्रक चार वाजून दहा मिनिटांनी निघाला. मागच्या फळीवर सहा जण होते, त्यांत धाकटा कडेला. हात बांधलेले नव्हते. त्यानं हात हलवला नाही. कानाला काहीतरी ऐकू येत असावं तशी मान थोडी वाकडी करून बसला होता. वळणावर धूळ उडाली, मग ट्रक दिसेनासा झाला.

घरी आबा जागे होते. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. जावयाला जवळ बोलावून चाचपून पाहिलं.

"आणि तो?"

दादानं सांगितलं. वाटेत वहिनीकडून कळलेलं सगळं सांगितलं, चिठ्ठी, चौकट, मोरी. आजाऱ्याला सांगू नये असं वहिनी डोळ्यांनी म्हणत होती, पण दादा थांबला नाही, आणि बरोबरच केलं त्यानं. आबा ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"अंगात स्वेटर होता का?"

"नव्हता, आबा."

"खाली दमट असतं," आबा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. वहिनी दारात उभी होती. पंपवाले ओट्याशी खाली बसून दोन्ही हातांनी गुडघे धरून रडत होते, आणि ताई त्यांच्याशेजारी त्यांची मोकळी पिशवी मांडीवर घेऊन.

झालं. आता उठाल, चपला शोधाल, घराकडे निघाल. निघण्याआधी माझी एक विनवणी आहे. त्या मोरीवरच्या दोघांसाठी जसे हात जोडाल, तसेच एकदा धाकट्यासाठी जोडा. तो मोठा होता असं मी म्हणत नाही. दमला होता, आणि दमून त्याच्या हातून रेघ मारली गेली. पण विचारलं तेव्हा त्यानं वाक्य पुरतं केलं. तो कुठे आहे, जेवला की नाही, निजायला कोरडी जागा मिळाली की नाही, घरात कुणालाच ठाऊक नाही. ज्याला सगळं ठाऊक असतं त्याच्यापुढे आज संध्याकाळी बसाल तेव्हा आपल्या माणसांच्या जोडीनं त्याचीही आठवण काढा.